भाद्रपदाच्या आधीचे गणित

मराठीत भाद्रपद महिन्याचे कुत्र्यांशी जे नाते जोडले गेले आहे, ते बहुतेक वेळा टिंगलीच्या सुरात बोलले जाते. पण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे अचूक निरीक्षण आहे. पावसाळा ओसरू लागला की पुढचे दोन-अडीच महिने आपल्याकडच्या बहुसंख्य भटक्या माद्या माजावर येतात. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असल्याने दिवाळीच्या आसपास आणि त्यानंतर पार्किंगच्या कोपऱ्यात, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, बंद टपरीखाली पिल्ले दिसू लागतात, आणि त्यांतल्या ज्या माद्या जगतात त्यांतील बऱ्याच जणी पुढच्या भाद्रपदापर्यंत स्वतः आई होण्याच्या वयाला पोहोचतात. वर्षाच्या इतर महिन्यांतही काही माद्या वितात, परंतु मोठी लाट हीच. निर्बीजीकरण समजून घ्यायचे असेल तर सुरुवात या वर्षचक्रापासून करावी लागते, कारण वर्षभरात शहरात एकूण किती शस्त्रक्रिया झाल्या यापेक्षा भाद्रपदाच्या आधी एकेका वस्तीतल्या किती टक्के माद्यांच्या झाल्या, यावर पुढचे बहुतेक सगळे अवलंबून असते.

बोलताना आपण ‘नसबंदी’ म्हणतो, पण हा शब्द येथे पुरता लागू पडत नाही. माणसांच्या नसबंदीत नलिका बांधली जाते आणि बाकी अवयव जागच्या जागी राहतात. कुत्र्या-मांजरांत मात्र नराची वृषणे आणि मादीची अंडाशये व गर्भाशय काढूनच टाकतात. त्यामुळे प्रजननाबरोबर त्यामागचे हार्मोनही थांबतात: मादी माजावर येत नाही, तिच्यामागे आठ-दहा नरांचा घोळका फिरत नाही, रात्रभर चालणारी भांडणे कमी होतात, आणि समागमातून पसरणारी गुप्तांगावरची गाठ, जी रस्त्यावरच्या कुत्र्यांत बरीच आढळते, तिचा प्रसारही घटतो. कुत्रे पकडून आणल्यावर त्याला काही तास उपाशी ठेवतात, भूल देतात, शस्त्रक्रिया करतात, त्याच वेळी रेबीजची लस टोचतात आणि भुलीत असतानाच कानाला ‘व्ही’ आकाराची छोटी खाच पाडतात. पुढे जखम भरेपर्यंत चार-पाच दिवस पिंजऱ्यात ठेवून त्याला जेथून उचलले तेथेच परत सोडतात. कानावरची खाच ही दुखापत वाटून हळहळणारे लोक भेटतात. खरे तर ती त्या प्राण्याची कागदपत्रे आहेत, कारण तीच पाहून पकडणारी माणसे त्याला दुसऱ्यांदा गाडीत घालत नाहीत.

नागरिकांना सर्वाधिक खटकते ती परत सोडण्याची अट. एवढे पकडलेच होते तर मग पुन्हा आमच्याच गल्लीत कशाला, हा प्रश्न रागाचा असला तरी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भावनेपेक्षा अन्नाच्या हिशेबात आहे. एखाद्या चौकात किती कुत्री राहतात हे त्या चौकातला कचरा, चिकनच्या दुकानामागचे टाकाऊ मांस, हॉटेलांचे खरकटे आणि लोकांनी घातलेली भाकरी-बिस्किटे ठरवतात. तेथे स्थिरावलेली टोळी परक्या कुत्र्यांना आत येऊ देत नाही. ती टोळी उचलून नेली आणि अन्न तसेच राहिले, तर काही आठवड्यांत शेजारच्या भागातली कुत्री ती जागा घेतात. ती लस न टोचलेली, निर्बीजीकरण न झालेली आणि एकमेकांना अनोळखी असतात, त्यामुळे भांडणेही वाढतात आणि पिल्लेही. शस्त्रक्रिया व लसीकरण झालेले कुत्रे परत आले की ते जागा अडवते, पण तिच्यात भर घालत नाही.

मारून टाकण्याचा मार्ग आपल्याकडे अजमावला गेला नाही असे नव्हे. ब्रिटिश अमदानीपासून अनेक शहरांत तो वर्षानुवर्षे चालला. मुंबईत १८३२ साली कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली, हा त्या इतिहासातला एक विलक्षण प्रसंग आहे. (ज्या प्रांतात जेजुरीच्या खंडोबासोबत आणि दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, तेथे या प्रश्नावर नुसत्या आकडेमोडीने बोलता येत नाही, हेही खरे.) दशकानुदशके मारूनही कुत्री कमी झाली नाहीत. चेन्नईत ‘ब्लू क्रॉस’ संस्थेने १९६० च्या दशकापासून निर्बीजीकरणाचा आग्रह धरला होता. तेथील महापालिकेने १९९६ मध्ये ती पद्धत स्वीकारली. पुढे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २००१ मध्ये श्वान प्रजनन नियंत्रणाचे नियम आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. पकडणे, शस्त्रक्रिया, लस आणि त्याच जागी सोडणे ही साखळी या नियमांनी बांधून दिली असून तिची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर आहे.

आता मूळ गणिताकडे येऊ. समजा, पुण्यातल्या धायरीच्या एखाद्या भागात १०० प्रौढ माद्या आहेत. प्रत्येक मादी वर्षाकाठी सरासरी ५ पिल्ले देते, पाचांतले एकच पिल्लू वयात येण्याइतके जगते आणि जगणाऱ्यांत निम्म्या माद्या असतात, असे धरू. शिवाय प्रौढ माद्यांपैकी दरवर्षी ३० टक्के अपघाताने, आजाराने किंवा विषबाधेने मरतात असे मानू. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, पण अगदीच हवेतले नाहीत. पश्चिम बंगालमध्ये ३६४ पिल्लांवर नजर ठेवून केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत जगली होती. आता या १०० पैकी ३० माद्यांची शस्त्रक्रिया केली, तर उरलेल्या ७० माद्यांना ३५० पिल्ले होतील, त्यांतील ७० जगतील, त्यांत ३५ माद्या असतील. वर्षभरात जुन्या ३० मरतील. म्हणजे वर्षअखेर माद्या १०५. पैसा खर्च झाला, ३० जनावरांना भूल दिली, अहवालात आकडा नोंदवला गेला, आणि गल्लीत कुत्री वाढली. हाच आकडा ३० ऐवजी ७० असता, तर केवळ ३० माद्या व्याल्या असत्या, नव्या माद्या १५ आल्या असत्या आणि वर्षअखेर संख्या ८५ वर आली असती. या हिशेबात ४० टक्क्यांवर तराजू समतोल राहतो. त्याखालचे काम जवळजवळ वाया जाते. प्रत्यक्षात पिल्ले कमी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला अन्न अधिक येते आणि जगण्याचे प्रमाण वाढते, म्हणून ४० वर थांबून चालत नाही आणि ७० टक्क्यांच्या आसपासचे उद्दिष्ट ठेवले जाते.

या हिशेबाचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी ७० शस्त्रक्रिया करून हात झटकले, तर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झालेल्या ७० पैकी ४९ माद्या जिवंत असतात आणि एकूण ८५ मध्ये त्यांचे प्रमाण ५८ टक्क्यांवर घसरलेले असते. पुढच्या वर्षी ते ४४ टक्के होते, घट मंदावते आणि चौथ्या वर्षी संख्या पुन्हा वर सरकू लागते. उलट दुसऱ्या वर्षी केवळ १०-११ नव्या माद्या पकडल्या असत्या, तर प्रमाण ७० टक्क्यांवर टिकले असते. याचा अर्थ असा की पहिला जोर मोठा लागतो, नंतरची देखभाल थोडक्यात भागते, पण ती एक वर्षही चुकवून चालत नाही. निविदेची मुदत संपली, नवी निघायला आठ महिने लागले आणि तेवढ्यात भाद्रपद येऊन गेला, असे झाले की आधीच्या दोन वर्षांच्या कामातला बराच भाग पाण्यात जातो. भारतातल्या निर्बीजीकरणाच्या अपयशाची कारणे शोधताना शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षा अशा कॅलेंडरकडे आधी पाहावे, असे मला वाटते.

जेथे हे नेटाने झाले तेथे परिणाम दिसले आहेत. जयपूरमध्ये ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने १९९४ ते २००२ या काळात सुमारे २५ हजार कुत्र्यांवर काम केले, माद्यांपैकी ६५ टक्क्यांपर्यंत निर्बीजीकरण व लसीकरण नेले, आणि त्या क्षेत्रात कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली. माणसांतले रेबीजचे रुग्णही त्या क्षेत्रात शून्यावर आले. आठ वर्षांत २८ टक्के, हा वेग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण सहा महिन्यांत गल्ली मोकळी होईल या अपेक्षेने कोणी या कामाकडे पाहिले तर निराशाच पदरी येईल. भूतानने २००९ मध्ये सुरू केलेले काम चौदा वर्षे न थांबवता २०२३ मध्ये आपल्या सर्व मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाल्याची घोषणा केली.

पुण्याचे चित्र गुंतागुंतीचे आहे. महापालिकेच्या २०१८ च्या पाहणीत शहरात सुमारे ३ लाख १५ हजार भटकी कुत्री असल्याचा अंदाज निघाला होता आणि २०२३ च्या पाहणीत तो सुमारे १ लाख ८० हजारांवर आला. घट मोठी आहे, पण असे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे पाहणी ही शिरगणती नसते. निवडक रस्त्यांवर मोजून उरलेल्या शहराचा अंदाज बांधलेला असतो. दुसरी म्हणजे पुणे जागेवर थांबलेले नाही: २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आली. वाघोली, नऱ्हे, सूस अशा भागांत इमारती आधी उभ्या राहिल्या आणि कचरा उचलण्याची व्यवस्था मागाहून येत राहिली; मोकळे प्लॉट, मजुरांच्या वस्त्या आणि रस्त्याकडेचे ढीग यांच्या भोवती कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या. सदाशिव पेठेत ८० टक्के माद्यांच्या कानाला खाच असली आणि नऱ्ह्यात २० टक्क्यांच्या, तर शहराची सरासरी ५० टक्के छान दिसते, पण नऱ्ह्यात वाढलेली कुत्री शेजारच्या भागांत पसरतच राहतात. (ही टक्केवारीही उदाहरणापुरतीच.) शहरासाठी एकच आकडा सांगण्याऐवजी प्रभागवार, आणि त्यातही माद्यांचे प्रमाण प्रसिद्ध व्हायला हवे, ही मागणी म्हणूनच महत्त्वाची आहे.

माद्यांवर एवढा भर का, हेही सांगायला हवे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. शंभरांतले नव्वद नर निर्बीज केले तरी उरलेले दहा हंगाम पार पाडतात. नराची शस्त्रक्रिया मात्र छोटी, लवकर उरकणारी आणि कमी जोखमीची असते. जेथे शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम दिली जाते आणि नर-मादी वेगळे मोजले जात नाहीत, तेथे आकडा भरण्याचा मोह कोणत्या दिशेने जाईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. नरांचे निर्बीजीकरण निरर्थक नाही, भांडणे व भटकणे त्याने घटते. पण संख्येचा हिशेब मादीच ठरवते.

भटक्या कुत्र्यांविषयी एक भीतीदायक आकडाही समाजमाध्यमांवर फिरत असतो: एका मादीपासून सहा वर्षांत ६७ हजार कुत्री होतात. प्रत्येक पिल्लू जगते आणि प्रत्येक मादी वेळेवर विते असे मानले तरच हा गुणाकार उभा राहतो. पाचांतली चार पिल्ले मरतात हे वास्तव त्यात नाही. तो आकडा खरा असता तर पुण्यात माणसांना उभे राहायला जागा उरली नसती. मला त्याहून गंभीर वाटते ती गोष्ट वेगळीच आहे: बंगालच्या त्याच अभ्यासात पिल्लांच्या मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंना माणूस कोठे ना कोठे कारणीभूत होता, चाकाखाली येणे, मारहाण, विष, उचलून नेणे. निसर्ग संख्या नियंत्रित करतोच, असे म्हणणाऱ्यांनी तो ती कोणाच्या हातून करवतो हेही पाहावे.

चावण्याबाबत बोलायचे तर निर्बीजीकरणाने कुत्रे एकदम शांत होते असा दावा करणे चूक ठरेल. परिणाम होतो तो वेगळ्या वाटेने. जयपूरच्या अनुभवात माणसांना चावण्याचे प्रमाण माद्या विण्याच्या हंगामानंतर वाढत असल्याचे दिसले, कारण पिल्लांजवळून जाणाऱ्या माणसावर आई धावून जाते. पिल्लेच कमी झाली की या कारणाने होणारे चावेही घटतात. सवयीने अंगावर येणारे एखादे कुत्रे असेल तर त्याची तक्रार स्वतंत्रपणे करावी लागते. त्यावर शस्त्रक्रिया हा उपाय नव्हे.

रेबीजचा प्रश्नही निर्बीजीकरणापासून थोडा वेगळा ठेवून समजून घ्यावा. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमार्फत होतो, आणि तो रोखण्याचे वेगवान साधन लस हेच आहे: एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूची साखळी तुटते. शेजारच्या गोव्यात दरवर्षी मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांचे लसीकरण झाले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर करण्यात आले. निर्बीजीकरण या कामाला मागून हात देते, कारण पिल्लांचे येणे-जाणे थांबले की लस टोचलेल्या कुत्र्यांचे प्रमाण टिकून राहते. कुत्रे किंवा मांजर चावले वा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लशीचा पूर्ण क्रम घ्यावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून या बाबतीत ‘बघू उद्या’ला जागा नाही.

खाऊ घालण्यावरून सोसायट्यांत जी युद्धे पेटतात, त्यांना २०२३ च्या नियमांत उत्तर आहे: लहान मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने, ये-जा करण्याची दारे यांपासून दूर एक ठिकाण आणि वेळ रहिवाशांच्या संघटनेने ठरवून द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवारागृहांत हलवण्याचा आदेश दिला होता. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलून निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत असे सांगितले, रस्त्यावर वाटेल तेथे खाऊ घालण्यास मनाई केली आणि त्यासाठी ठरावीक जागा करण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून उचललेली कुत्री तेथे परत सोडायची नाहीत, हा अपवाद त्यात जोडला. खाऊ घालणाऱ्यांचा उपयोग मात्र दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावा. पकडणाऱ्या गाडीला जे कुत्रे तीन फेऱ्यांत हाती लागत नाही, ते रोज पोळी देणाऱ्या काकूंच्या हाकेला येते.

मांजरांचे गणित कुत्र्यांपेक्षा कठीण आहे. मांजरीला भाद्रपद नाही. आपल्याकडे दिवस वर्षभर पुरेसे मोठे असल्याने ती जवळजवळ केव्हाही माजावर येते, समागमानंतरच तिचे बीज सुटते म्हणून गर्भ राहण्याची शक्यता मोठी असते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. पाच-सहा महिन्यांची मांजरी, जी आपल्याला अजून पिल्लूच वाटते, ती आई होऊन बसते. तिला जाळ्याने पकडता येत नाही. आमिष ठेवून आपोआप दार पडणारा पिंजरा लावावा लागतो, त्यासाठी आदल्या दिवशी इतरांनी तिला खाऊ घालू नये हे सगळ्या मजल्यांवर सांगावे लागते, आणि दार पडल्याबरोबर पिंजऱ्यावर जाड कापड टाकले की ती शांत होते. जी व्यवस्था कुत्र्यांसाठी उभी आहे तिच्यात मांजरे सहज बसत नाहीत: कुत्र्यांच्या आवाजात ठेवलेले मांजर खाणे-पिणे सोडते, म्हणून त्यांची खोली वेगळी लागते.

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीत आम्ही चौघांनी सलग तीन दिवस पहाटे सहाला फिरून आमच्या आणि शेजारच्या गल्लीतली कुत्री मोजली. मोबाइलमध्ये प्रत्येकाचा फोटो, नर की मादी, कानाला खाच आहे की नाही, एवढेच टिपले. एकूण १४ कुत्री निघाली, त्यांत ८ माद्या, आणि खाच असलेल्या केवळ ३. तक्रार नोंदवताना ‘कुत्र्यांचा त्रास आहे’ असे न लिहिता पाच माद्यांचे फोटो, त्यांच्या बसण्याच्या जागा आणि त्या सापडण्याच्या वेळा दिल्या. जुलैअखेर चार माद्या जाऊन आल्या. पाचवी तेव्हा पिल्लांना दूध पाजत होती, त्यामुळे तिला नेता येत नव्हते; तिची पिल्ले खाऊ लागेपर्यंत थांबावे लागले, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, गणपतीच्या मांडवाचे खांब रोवले जात असताना, रोज तिला भाकरी घालणाऱ्या वॉचमन काकांनी तिला स्वतः उचलून गाडीत ठेवले.